स्कॉटलंडच्या गोल्फ सहलीसाठी विमा कसा निवडावा

मुंबई-पुण्याच्या गोल्फ क्लबांत स्कॉटलंडच्या सहलीचा बेत शिजायला लागला की आधी कोर्सची यादी होते, मग तारखा ठरतात, मग विमानाची तिकिटं निघतात. विमा येतो सगळ्यांत शेवटी, बहुतेकदा तिकीट काढतानाच समोर दिसणाऱ्या चौकोनात खूण करून. तो विमा वाईट असतो असं नाही, पण तो पर्यटकासाठी बनवलेला असतो. राजवाडे बघणाऱ्या, फोटो काढणाऱ्या माणसाची बॅग हरवली तर चार कपडे विकत घेऊन त्याचं भागतं. गोल्फरचं तसं भागत नाही. त्याच्या बॅगेत दोन-तीन लाखांचा काठ्यांचा सेट असतो, खेळण्याचे पैसे कित्येक महिने आधी भरलेले असतात, आणि त्यानं मारलेला चेंडू एखाद्या अनोळखी माणसाच्या डोळ्यावर बसू शकतो. पॉलिसी या तीन ठिकाणी काय करते हे पाहिल्याशिवाय प्रीमियमचा आकडा बघण्यात अर्थ नाही.

उदाहरणासाठी एक सहल धरू. चार मित्र, जून महिना, दहा दिवस. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, किंग्जबार्न्स आणि एडिनबर्गच्या पूर्वेचं नॉर्थ बेरिक. मुंबईहून दोहा, दुबई किंवा लंडनला विमान बदलून एडिनबर्ग. थायलंड किंवा व्हिएतनामला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

आधी स्वतःचा कागद, मग कंपनीचा

कुठलीही पॉलिसी उघडण्याआधी एका कागदावर प्रत्येकानं आपापला हिशेब मांडावा. कोणते पैसे भरले आहेत, त्यातले किती परत मिळणार नाहीत आणि कोणत्या तारखेनंतर. सेटमधली प्रत्येक काठी कधी घेतली, केवढ्याला घेतली, पावती आहे का. रक्तदाब, मधुमेह, हृदय, कंबर, गुडघा यांपैकी कशासाठी औषध चालू आहे. बुकिंग कोणाच्या नावावर आणि कोणाच्या कार्डावरून झालं.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण चौघांच्या सहलीत तोच हमखास नडतो. एकानं सगळ्यांचे पैसे आपल्या कार्डावरून भरलेले असतात आणि पावती एकाच नावाची असते. पुढे आजारी पडतो दुसराच. मग कंपनी विचारते, हे पैसे तुमचे कशावरून? म्हणून बुकिंगच्या मेलमध्ये चौघांची नावं आणि प्रत्येकाचा वाटा आलाच पाहिजे, आणि मित्राला दिलेले पैसे रोखीनं न देता बँकेतून द्यावेत.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सबद्दल इथेच सांगायला हवं. तिथल्या बऱ्याचशा टी टाइम (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) सोडतीनं, म्हणजे बॅलटनं वाटल्या जातात. खेळायच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, त्याच दिवशी दुपारनंतर निकाल. नाव लागलं नाही तर खेळ नाही, आणि रविवारी कोर्स साधारणपणे बंदच असतो. त्या दिवशी तिथे गावातली माणसं फिरतात. सोडतीत नाव न लागणं हे विम्याच्या भाषेत नुकसान नाही. त्यासाठी कुठलीही पॉलिसी पैसे देणार नाही, तेव्हा तो खर्च कागदावर लिहू नका. टूर कंपनीकडून हमीची टी टाइम घेतली असेल तर मात्र ती रक्कम ठळक लिहा. ती मोठी असते आणि बहुधा परत मिळत नाही. ओल्ड कोर्सची भर हंगामातली ग्रीन फी, म्हणजे अठरा होलचा एक राउंड खेळायचं शुल्कच, ३०० पौंडांच्या पुढे आहे. चार नावाजलेले कोर्स धरले तर एका माणसाची नुसती ग्रीन फी लाख रुपयांच्या वर सहज जाते.

चेंडू दुसऱ्याला लागला तर

बहुतेक जण इथे सर्वांत कमी लक्ष देतात. माझ्या मते पॉलिसी निवडताना सर्वांत आधी हेच पान वाचावं. सेट हरवला तर नुकसानीला सेटच्या किमतीची मर्यादा आहे. दुसऱ्याच्या डोळ्याच्या भरपाईला अशी मर्यादा कुठे आहे?

एडिनबर्गच्या पश्चिमेला विंचबर्ग गावात निड्री कॅसल गोल्फ क्लब आहे. २००७ साली तिथे एक खेळाडू सहाव्या ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या हिरवळीवरून) सातव्या टीकडे (पहिला फटका मारायच्या जागेकडे) पायवाटेनं जात होता. अठराव्या टीवरून दुसऱ्या एकानं मारलेला चेंडू वाकडा गेला आणि त्याच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. खटल्यात नुकसानभरपाई सुमारे ४ लाख पौंड ठरली. सुरुवातीच्या निकालात तिचा ७० टक्के भार चेंडू मारणाऱ्यावर आणि ३० टक्के क्लबवर आला. २०१३ मध्ये अपिलात ते प्रमाण बदललं: क्लबवर ८० टक्के, खेळाडूवर २०. पण २० टक्के म्हणजेसुद्धा सुमारे ८०,००० पौंड. आजच्या दरानं ही रक्कम ऐंशी लाख रुपयांच्या वर जाते, आणि हे एका साध्या क्लबवरच्या हौशी खेळाडूच्या बाबतीत घडलं. व्यावसायिकांच्या हातूनही असं होतं. २०१८ च्या रायडर कपमध्ये पॅरिसजवळच्या ले गोल्फ नॅशनलवर ब्रुक्स केप्काचा टी शॉट एका प्रेक्षक बाईंना लागला आणि त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली.

सेंट अँड्र्यूजला हा धोका आपल्याकडच्या क्लबांपेक्षा वेगळा आहे. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला (टी आणि ग्रीनमधल्या पट्ट्याला) ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा रस्ता आडवा छेदतो. त्यावरून समुद्राकडे जाणारी माणसं, मुलं, कुत्री घेतलेले लोक ये-जा करत असतात. सतराव्या ग्रीनच्या मागे रस्ता आणि दगडी भिंत आहे, टीसमोर हॉटेलच्या आवाराचा कोपरा. पहिल्या टीवर हात थरथरत असताना, मागे बघे उभे असताना आणि समुद्रावरचा वारा आडवा असताना चेंडू कुठे जाईल याची खात्री कुणी द्यावी?

तेव्हा पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी', म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई, हा भाग काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. पहिली गोष्ट रक्कम. भारतातल्या प्रवास पॉलिसींत ती एक-दोन लाख डॉलर असलेली दिसते. स्कॉटलंडसाठी मी दोन लाख डॉलरच्या खाली जाणार नाही, आणि जास्त मिळत असेल तर प्रीमियममधला फरक देईन. मग बघा की वकिलाचा आणि कोर्टाचा खर्च त्या रकमेच्या आत आहे की वेगळा. ब्रिटनमध्ये बाजू मांडायची झाली तर हा खर्चच रक्कम कुरतडून टाकतो.

त्यानंतर अपवाद. यातला पहिला म्हणजे सहप्रवासी. कित्येक पॉलिसी कुटुंबातल्या माणसाला किंवा सोबत प्रवास करणाऱ्याला झालेली इजा लायबिलिटीतून वगळतात. म्हणजे शेजारच्या फेअरवेवरचा अनोळखी माणूस कव्हरमध्ये, पण तुमच्याच फोरबॉलमधला, म्हणजे चौघांच्या गटातला, मित्र बाहेर. चेंडू लागण्याची शक्यता कुणाला जास्त, हे कोणताही गोल्फर सांगेल. हा अपवाद असेल तर निदान चौघांनीही आपापला पुरेसा वैद्यकीय आणि अपघात विमा घेतलेला असावा.

दुसरा अपवाद वाहनाचा. इंजिनावर किंवा मोटरवर चालणारं कोणतंही वाहन चालवताना झालेलं नुकसान बहुतेक लायबिलिटी कव्हर नाकारतात, आणि गोल्फ बग्गी हे मोटरवर चालणारं वाहनच आहे. काही पॉलिसी बग्गीला नाव घेऊन सूट देतात. ती ओळ शोधा, नसेल तर लेखी विचारा. ओल्ड कोर्सवर चालतच खेळायचं असतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. पण थायलंडमध्ये, हुआ हिन किंवा पट्टायाच्या कोर्सवर, सर्रास बग्गी घेतली जाते आणि मागे कॅडी (काठ्या सांभाळणारी मदतनीस) उभी असते. उतारावर बग्गी कलंडून कॅडीचा पाय मोडला तर काय, हा प्रश्न थायलंडला जाणाऱ्यानं विमा घेण्याआधीच विचारायला हवा. शिवाय बग्गी भाड्यानं देताना क्लब ज्या कागदावर सही घेतो, त्यात बग्गीचं नुकसान तुम्ही भरून द्याल असं बहुधा लिहिलेलं असतं. करारानं स्वतःहून पत्करलेली अशी जबाबदारी लायबिलिटी पॉलिसी उचलत नाही.

भारतातल्या काही जनरल इन्शुरन्स कंपन्या गोल्फरसाठी वेगळी पॉलिसी देतात. तिच्यात सेट, दुसऱ्याला झालेली इजा, स्वतःचा अपघात आणि होल-इन-वन (एका फटक्यात चेंडू भोकात) असे भाग असतात. ती तुमच्याकडे आधीपासून असेल तर फारच चांगलं. फक्त भौगोलिक मर्यादा वाचा. 'भारतात' असं लिहिलं असेल तर ती स्कॉटलंडला निरुपयोगी आहे. 'जगभर' असेल तरी अमेरिका आणि कॅनडा वगळलेत का ते पाहा, कारण लायबिलिटीत ते पुष्कळदा वगळलेले असतात.

आणि प्रसंग आलाच तर काय करायचं, हे निघण्यापूर्वी चौघांनी एकदा बोलून ठेवावं. चेंडू वाकडा जाताना दिसला की सावध करायला मोठ्यानं 'फोर!' ओरडायचं, संकोच करायचा नाही. कुणाला लागलं तर खेळ तिथेच थांबवून मदत करायची, ९९९ ला फोन करायचा. माणुसकीनं विचारपूस जरूर करायची, पण 'चूक माझीच, सगळा खर्च मी देतो' असं बोलायचं नाही की लिहून द्यायचं नाही. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर कव्हर जाऊ शकतं. क्लबच्या कार्यालयात अपघाताची नोंद करून तिची प्रत घ्यायची, साक्षीदारांची नावं घ्यायची, स्कोअरकार्ड जपून ठेवायचं आणि त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करायचा.

सेट आणि बॅग

आता ज्याची सगळ्यांना काळजी असते ते. विमान बदलून जाताना गोल्फ बॅग मागे राहणं नवीन नाही, आणि पहिला राउंड जर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी असेल तर बॅग तीन दिवसांनी मिळून उपयोग नाही.

विमान कंपनीची जबाबदारी मॉन्ट्रियल करारानं ठरते. भारत आणि ब्रिटन दोन्ही त्यात आहेत. चेक-इन सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा आलं तर एका प्रवाशामागे कमाल १,५१९ एसडीआर. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून आहे. त्याआधी ती १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक आहे, आणि १,५१९ एसडीआर म्हणजे ढोबळमानानं दोन हजार डॉलर. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे आणि ती सगळ्या सामानाला मिळून आहे. तुमचा सेट तीन लाखांचा असेल तर तेवढ्यात भागणार नाही. चेक-इनच्या वेळी जादा किंमत जाहीर करून, त्यासाठी मागितलं तर जादा शुल्क भरून, ही मर्यादा वाढवायची सोय करारात आहे. महागडा सेट असेल तर काउंटरवर विचारायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडच्या प्रवास पॉलिसीतलं सामानाचं कव्हर वाचताना बहुतेकांची निराशा होते, ती चार ठिकाणी. एक, 'चेक-इन सामान हरवणं' याचा अर्थ बऱ्याच पॉलिसींत अख्खी बॅग कायमची हरवणं असा असतो. बॅग आली पण ड्रायव्हरचा (लांब पल्ल्याच्या काठीचा) दांडा मोडलेला किंवा दोन वेज (जवळच्या फटक्यांच्या काठ्या) गायब, तर पैसे नाहीत. दोन, बॅगेमागे आणि वस्तूमागे मर्यादा. सामानाला १,००० डॉलरचं कव्हर दिसतं, पण आत लिहिलेलं असतं की एका बॅगेला जास्तीत जास्त ५० टक्के आणि एका वस्तूला १० टक्के. म्हणजे ड्रायव्हरला १०० डॉलर. पूर्ण सेट ही एक वस्तू की चौदा, हा वाद वेगळाच. तो कंपनीनं आपल्या सोयीनं सोडवण्याआधी तुम्ही विचारून घ्या. तीन, बॅग उशिरा येण्याचं कव्हर सहसा १२ तासांसारखी मुदत उलटल्यावर लागू होतं आणि भारतात परतताना लागू होत नाही. ते अत्यावश्यक कपडे आणि साबण-ब्रशसाठी असतं. भाड्यानं घेतलेल्या सेटचा खर्च त्यात धरतात का, हे स्पष्ट विचारावं लागतं. चार, घसारा. तीन वर्षांपूर्वीच्या आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याच्या काठ्यांना) आजच्या नव्या सेटची किंमत मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. सेट दीड लाखांच्या आत आणि जुना असेल तर त्यासाठी जास्तीचा विमा शोधत बसू नका. कडक कव्हरची ट्रॅव्हल केस घ्या, ड्रायव्हरपेक्षा उंच दांडा आत ठेवा म्हणजे वरून आलेला मार तो झेलतो, आणि काठ्यांची डोकी टॉवेलनं बांधा. मऊ बॅगेतल्या सामानाचं नुकसान झालं तर विमान कंपन्या पॅकिंग पुरेसं नव्हतं असं सांगून जबाबदारी टाळायला बघतात, आणि विमा कंपनीही तेच कारण पुढे करू शकते. सेट खरोखर महाग किंवा मापानं बनवून घेतलेला असेल तर प्रवास पॉलिसीवर विसंबू नका. गोल्फरची वेगळी पॉलिसी घ्या आणि प्रत्येक काठी किमतीसह त्यात नोंदवा. खेळताना मोडलेली काठी कव्हरमध्ये आहे का, हे तिथे विचारण्यासारखं आहे. तिसराही रस्ता आहे: फक्त पटर (ग्रीनवर वापरायची काठी) आणि बूट न्यायचे, बाकी सेट तिथे भाड्यानं घ्यायचा. स्कॉटलंडच्या मोठ्या कोर्सवर चांगले सेट मिळतात. चार राउंडचं भाडं, विमान कंपनीचं जादा सामानाचं शुल्क आणि विम्याचा जादा प्रीमियम शेजारी-शेजारी मांडून बघा.

चोरीचं कलमही वाचा. चौघांच्या बॅगा भाड्याच्या व्हॅनमध्ये टाकून गावोगाव फिरायचं असतं. व्हॅनच्या काचेतून बॅगा दिसत असतील, किंवा रात्रभर त्या गाडीतच ठेवल्या असतील, तर बहुतेक पॉलिसी 'लक्ष न ठेवलेलं सामान' म्हणून दावा फेटाळतात. रोज रात्री बॅगा खोलीत किंवा हॉटेलच्या कुलपाच्या खोलीत ठेवायच्या. रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) आणि जीपीएस घड्याळ हातसामानात न्या. चेक-इन बॅगेतली दुर्बिणीसारखी उपकरणं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू मौल्यवान म्हणून वगळलेल्या असतात.

निघण्यापूर्वी प्रत्येक काठीचा आणि तिच्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा. सेट फार महाग असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परतताना 'हा परदेशात घेतला का?' या प्रश्नाला ते उत्तर आहे आणि दाव्यात मालकीचा पुरावाही.

बॅग आली नाही किंवा मोडकी आली तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, करून घ्या. एवढ्यावर थांबू नका. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची सामान हाती आल्यापासून २१ दिवसांत द्यावी लागते. बॅग २१ दिवसांतही आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. विमा कंपनीला हे सगळे कागद लागतातच.

भरलेले पैसे, न खेळलेले राउंड

सहल रद्द होण्याचं कव्हर सगळेच देतात, पण गोल्फरला लागतं ते थोडं वेगळं. समजा तिसऱ्या दिवशी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारताना मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस खेळायचं नाही. सहल तर रद्द झालेली नाही. तुम्ही तिथेच आहात, मित्रांबरोबर चालता आहात. साधी पॉलिसी अशा वेळी काही देत नाही. त्यासाठी 'न वापरलेली ग्रीन फी' असं वेगळं कव्हर लागतं. ते गोल्फच्या खास पॉलिसीत किंवा जोडकव्हरमध्ये असतं आणि तिथल्या डॉक्टरच्या लेखी दाखल्यावर मिळतं. ते मिळत नसेल तर टूर कंपनीला विचारा की दुखापतीत टी टाइम दुसऱ्याच्या नावावर करता येते का. पुष्कळदा हा उपाय विम्यापेक्षा सोपा ठरतो.

हवामानाबद्दल भाबडी आशा नको. स्कॉटलंडमध्ये पावसात खेळतात. पाऊस पडला म्हणून पैसे परत मागणं तिथे कुणाला समजणारही नाही. कोर्स अधिकृतपणे बंद झाला तरच प्रश्न येतो. तेव्हा क्लब स्वतः पैसे परत देतो की दुसरी वेळ देतो, ते बुकिंगच्या अटींत असतं. जे क्लब परत देतो ते विमा देत नाही.

पॉलिसी कधी घ्यायची? परत न मिळणारा पहिला हप्ता भरला, त्याच आठवड्यात. सहल रद्द होण्याचं कव्हर सहसा पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं, तर वैद्यकीय आणि सामानाचं निघाल्यापासून. जानेवारीत पैसे भरून मेच्या शेवटी विमा घेतला, तर मधले महिने उघडे राहतात. मार्चमध्ये आई-वडिलांपैकी कुणी गंभीर आजारी पडलं तर हातात काहीच नसतं. रद्द करण्याची मान्य कारणं पॉलिसीत मोजून दिलेली असतात. जवळच्या नातेवाइकांत कोण येतं (सासू-सासरे येतात का?), चौघांपैकी एक आजारी पडला तर उरलेल्या तिघांनी रद्द केलेलं चालतं का, व्हिसा नाकारला तर काय, हे तिथे बघा. व्हिसा नाकारला जाणं हे पुष्कळ पॉलिसींत मान्य कारण नसतं.

तब्येत

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, म्हणून पोर्तुगाल किंवा स्पेनच्या गोल्फ सहलीला जाणारा विमा घेतोच. स्कॉटलंडला जाणाऱ्याचा मात्र घ्यायचा राहून जाऊ शकतो. तिथे अपघात विभागातले उपचार मोफत असतात, हे खरं. पण दाखल करून घेतलं की परदेशी पाहुण्याला बिल येतं. सेंट अँड्र्यूजहून मोठं रुग्णालय म्हणजे डंडीचं नाइनवेल्स. तिथे हृदयविकारासाठी आठ दिवस राहावं लागलं आणि नंतर डॉक्टर-नर्ससह भारतात आणावं लागलं, तर खर्च सहलीच्या खर्चाच्या कितीतरी पट होईल. ब्रिटनसाठी एक लाख डॉलर ही माझ्या दृष्टीनं खालची मर्यादा. साठीच्या पुढच्यांनी अडीच लाखांचा विचार करावा.

रकमेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आधीपासूनचे आजार. गोल्फ सहलीला जाणाऱ्यांत पन्नाशी-साठीचे खूप असतात, आणि औषधाची एखादी तरी गोळी बहुतेकांना चालू असते. आपल्या प्रवास पॉलिसी आधीचा आजार एक तर पूर्ण वगळतात किंवा फक्त जिवावर बेतलं तरच, तेही कमी मर्यादेपर्यंत देतात. प्रस्तावाच्या अर्जात सगळं खरं लिहा. एजंट 'कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल' म्हणाला तरी लिहा. सही तुमची असते. वयाच्या एका टप्प्यानंतर खोलीचं भाडं, सर्जनची फी यांना वेगवेगळ्या उपमर्यादा लागतात, त्याही बघा.

कंबर हे हौशी गोल्फरचं सर्वांत दुखरं ठिकाण. सपाट, मऊ हिरवळीची सवय असलेला माणूस लिंक्सच्या (समुद्रकाठच्या वाळवट कोर्सच्या) कडक जमिनीवर, वाऱ्यात, रोज अठरा होल चालून खेळतो आणि चौथ्या दिवशी पाठ धरते. कंबरेचा जुना त्रास असेल तर तो आधीचा आजार धरला जातो. आणखी एक गोष्ट सांभाळा: दारूच्या अंमलाखाली झालेली इजा जवळपास सगळ्या पॉलिसी वगळतात. राउंडनंतर क्लबहाउसमध्ये व्हिस्की होणारच. परतीची गाडी टॅक्सीवाल्याकडे द्या. नाहीतर व्हॅन चालवणाऱ्या मित्राला पाणीच प्यायला लावा.

होल-इन-वन

एका फटक्यात चेंडू भोकात गेला तर क्लबहाउसमधल्या सगळ्यांना पेय पाजायचं, ही रीत. जपानमध्ये भेटवस्तूंपासून मेजवानीपर्यंत हा खर्च इतका वाढतो की त्यासाठीच्या विम्याची तिथे मोठी बाजारपेठ आहे. आपल्या काही पॉलिसींत हे छोटं कव्हर असतं. सहखेळाडूंच्या सह्या, क्लबचा दाखला आणि त्याच दिवशीचं बिल मागतात. असेल तर छान. पण यासाठी पॉलिसी निवडू नका.

कंपनीला पाठवायचा मेल

दोन-तीन पॉलिसी हाती आल्या की माहितीपत्रकावर जाऊ नका, पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागा. मग प्रत्येक कंपनीला हेच प्रश्न लेखी विचारा:

१. हौशी गोल्फ खेळताना माझ्या चेंडूनं अनोळखी माणसाला, आणि माझ्यासोबतच्या खेळाडूला, इजा झाली तर लायबिलिटी कव्हर लागू आहे का? वकिलाचा खर्च रकमेच्या आत की वेगळा?
२. गोल्फ बग्गी वाहनाच्या अपवादात येते का?
३. गोल्फ सेट एक वस्तू की अनेक? एका वस्तूची मर्यादा किती? अर्धवट नुकसान किंवा मोडतोड चालते का?
४. बॅग उशिरा आली तर भाड्याच्या सेटचा खर्च मिळतो का, किती तासांनंतर?
५. दुखापतीमुळे न वापरलेली, आधी भरलेली ग्रीन फी मिळते का?
६. क्लबची छोटी स्पर्धा खेळलो तर काही अपवाद लागतो का?

फोनवरचं 'हो सर, सगळं कव्हर आहे' धरू नका. मेलवरचं उत्तर जपून ठेवा. सहावा प्रश्न यासाठी की व्यावसायिक खेळ सगळीकडे वगळलेला असतो, आणि बक्षिसाची स्पर्धा त्यात कुणी ओढू नये. क्रेडिट कार्डावरचा मोफत विमाही तपासा. तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असेल तरच तो सहसा लागू होतो आणि रकमा तोकड्या असतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वाट वेगळी आहे. तिथल्या गोल्फ ट्रॅव्हल पॉलिसी साधारणपणे ब्रिटनच्या रहिवाशांनाच मिळतात आणि त्यांत ग्रीन फी, भाड्याचा सेट, लायबिलिटी हे सगळं एकत्र असतं. स्पेन-पोर्तुगालला जाताना जीएचआयसी, म्हणजे तिथल्या सरकारी उपचारांसाठी ब्रिटनच्या रहिवाशांना मिळणारं कार्डही सोबत ठेवावं. भारतातून आलेल्या मित्राला मात्र त्याचा विमा भारतातूनच, निघण्यापूर्वी घ्यायला सांगा.

दावा अडला तर

घटना घडल्यावर कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या. दाखल होण्याची वेळ आली तर शक्यतो आधीच. बोर्डिंग पास, बॅगेच्या चिठ्ठ्या, पीआयआर, डॉक्टरचा दाखला, स्कोअरकार्ड, क्लबची पावती हे सगळं रोज रात्री फोनवर फोटो काढून चौघांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकलं तर एकाचा फोन हरवला तरी कागद राहतात.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, ते कलम क्रमांकासह मागा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. आपला भाग कोणत्या लोकपालाकडे येतो ते आधी बघून घ्या.  तक्रारीला कंपनीनं मेलवर दिलेली ती सहा उत्तरं जोडा.